कळसाच्या खाली, पारशिवनीत

४ फेब्रुवारी १९८५
सकाळच्या एसटीने पारशिवनी. टीव्ही बसवायला पहिल्यांदाच एकटा. नागपुरात जरीपटक्यातल्या दुकानातून निघताना शेठ म्हणाले, "चित्र आया तो तू मिस्त्री. नहीं तो टीव्ही वापस लाना, और रेडिओ रिपेअरिंग पे ही बैठना."
गिऱ्हाईक दशरथभाऊ. माडीवर वीस फुटी पाइप, अँटेना नागपूरकडे. आवाज येतो. चित्राच्या जागी नुसत्या ठिपक्यांच्या मुंग्या. आणखी दहा फूट पाइप जोडायला घेतला, तर भाऊ म्हणाले, "नाही गा. समोर देवीचा कळस हाये. त्याच्या वर गावात कोणाचंच काही जात नाही."
कळसाच्या उंचीपर्यंत अंदाजाने चार फूट शिल्लक.

५ फेब्रु.
चार फूट वाढवले. खाली टीव्हीमागे सिग्नल वाढवणारा बूस्टर लावला. मुंग्या दुप्पट. भाऊंच्या घरच्या वहिनी म्हणाल्या, "काहून गा, नागपुरात मुंग्याच राहतात का?" सगळे हसले. मीही.

६ फेब्रु.
पहाटे चूक लक्षात आली. माकडे ओढतील म्हणून बूस्टर खाली ठेवला. साठ फूट तार उतरेपर्यंत चित्राचा जीव जातो. मग बूस्टर मुंग्याच मोठ्या करतो. तो वर, अँटेनाजवळच हवा. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून वर बांधला.
संध्याकाळी बातम्यांची बाई दिसली. वहिनींनी शेजारणीला हाक मारली, "ये वं लवकर, टिकलीसुद्धा दिसते!"
पाने-पक्कड पिशवीत भरली.

७ फेब्रु.
सकाळी भाऊ देवळाच्या पायरीवरून बघून आले. "कळसाच्या वर दिसते गा. लोक बोलून राहिले. दोन फूट उतरव."
उतरवले. संध्याकाळी माणसे ओळखू येतात, खालची अक्षरे वाचता येत नाहीत. वहिनी म्हणाल्या, "वाचाचं कोणाले हाये?" भाऊ म्हणाले, "आठ दिवस पाहतो. मंग ठेवाचा का नाही ते सांगतो."

८ फेब्रु.
दुकान. शेठ : "चित्र आया?"
नुसते हो म्हणता आले असते. "तोंडं दिसतात. अक्षरं नाही दिसत. भाऊ आठ दिवसांनी सांगणार."
"मतलब आया की नहीं?"
तेवढ्यात सावनेरकडचे एक शेतकरी आले. आमच्या गावात टीव्ही दिसेल का, म्हणाले. शेठनी पावतीपुस्तकातून मान वर न करता माझ्याकडे बोट केले. "इससे पूछो."
मी म्हणालो, "आधी येऊन पाहावं लागेल."
शेठनी तरीही मान वर केली नाही; पण रेडिओवर बस, असेही म्हणाले नाहीत.