रीता पिनासचा वाढदिवस

बुधवार, २ मे

हिस्के येतेय! दहाला येणार, तेराला परत. मी म्हटलं, जूनमध्ये ये, ऊन तरी असतं. तर म्हणे, "नाही निन्के, याच तारखा." बरं बाई! पन्नास वर्षांच्या मैत्रीत तिच्या हट्टापुढे मी एकदाही टिकलेले नाही.

रॉटरडॅमला येऊन मला सात महिने झाले. आता दाखवतेच तिला माझं शहर – पूल, बोटी, बाजार, सगळं.

शुक्रवार, ४ मे

आनंदाच्या भरात एक गोष्ट विसरलेच होते. दर रविवारी फोनवर मी तिला काय काय ठोकून दिलंय! सोमवारी वाचनमंडळ, गुरुवारी मरियानकडे जेवण, आणि खालच्या मजल्यावरची रीता पिनास तर अगदी जिवलग. मरियान नाही. मंडळ नाही. रीता म्हणजे खालच्या दारावरची "आर. पिनास" ही पाटी. पाटीमागचं माणूस मी अजून पाहिलेलंही नाही.

खरं सांगून टाकू? पण माझा नवरा, डाउवे, गेल्यावर गावचं घर विकून मी निघाले, तेव्हा हिस्के म्हणाली होती, "माझ्या अंगणामागचं छोटं घर रिकामंच आहे, किल्ली खिळ्याला आहे. तू एकटी पडलीस असं दिसलं की येऊन घेऊन जाईन." ही बाई नुसतं बोलत नाही, सरळ बॅग भरते. आणि मला नाही जायचं! सकाळी कॉफी घेऊन खिडकीशी बसते, समोरून भलंमोठं जहाज जातं. साठीला आल्यावर मिळालंय हे. नाही सोडणार.

सोमवार, ७ मे

संडासातली भिंत रिकामी!

पाहुणी घरात आली की आधी काय वाचते? वाढदिवसांचं कॅलेंडर. दार लावून, निवांत बसून, बाराही महिने. ज्या घराच्या संडासात ते नाही, त्या घराला माणसं नाहीत – आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. माझं जुनं तिकडेच खिळ्यावर राहिलं, घराबरोबर गेलं. तीस वर्षांच्या तारखा होत्या त्यात. डोक्यात एक नाही. डोक्यात ठेवायला लागू नये म्हणूनच तर ते टांगायचं!

धावत जाऊन नवं आणलं. एका बैठकीत एकवीस नावं भरली. सगळी इथली, म्हणजे माझ्या मनातली. गावाकडची कशाला? तिला शहरातली माणसं दिसली पाहिजेत. मरियानला तीन मार्च दिला. रीताला बारा मे. पेन आपसूकच तिथे गेलं, ती तारीखच कशी वाढदिवसासारखी वाटली.

टांगलं. झकास दिसतंय.

गुरुवार, १० मे

आली! टॉवेलात गुंडाळलेले दोन साखरेचे पाव घेऊन उतरली. "वाळलीस," ती म्हणाली. "सुटलीस," मी म्हटलं. मग बॅग कोण उचलणार यावर फलाटावरच भांडण.

थेट वॉटर टॅक्सीत बसवली. बोट उडायला लागली तशी बाई डोक्यापासून पायापर्यंत भिजली. जन्म गाईंमध्ये गेलेला. म्हणे, "गाईला असं नेलं तर आठवडाभर दूध देणार नाही." उतरलो आणि लगेच, "परत एकदा जाऊ या का?" गेलो!

घरी आल्यावर संडासात गेली. वीस मिनिटं. मी बाहेर भांडी पुसतेय, तेच ताट तीनदा. शेवटी बाहेर आली. "बरीच माणसं जोडलीस गं," एवढंच म्हणाली. जेवताना गप्प गप्प होती. प्रवासाने दमली असेल.

शुक्रवार, ११ मे

पाय मोडले! पूल चालत ओलांडला, तिने मध्ये थांबून खाली थुंकून पाहिलं – किती वेळ लागतो ते. शाळेतही हेच करायची. चीजच्या दुकानात तुकडा चाखला आणि दुकानदाराला सुनावलं, "हे चीज नाही, हे तान्हं बाळ आहे." तो आधी फुगला, मग आतून जुनं काढून आणलं. पंधरा मिनिटांत त्याच्या बायकोच्या गुडघ्यांपर्यंत गप्पा पोचल्या. मी सात महिने तिथे चीज घेतेय, त्याचं नाव मला आज कळलं.

"मरियान कधी भेटणार?"

"स्पेनला गेलीय."

"आणि वाचनमंडळ?"

"तेही स्पेनला."

"सगळं?"

"सगळं."

हिस्केने माझ्याकडे पाहिलं आणि चीज खाल्लं.

शनिवार, १२ मे

काय दिवस गेला! नीट लिहिते.

सकाळी हिस्के निळा रेशमी ब्लाउज घालून स्वयंपाकघरात आली आणि नुसती उभी राहिली. "आज काय आहे?" म्हणाली. मी म्हटलं, "बाजार! चल लवकर." ती अजून उभीच. मग म्हणाली, "आज रीताचा वाढदिवस आहे. भिंतीवर लिहिलंय."

मूर्ख बाई, वर्षात तीनशे पासष्ट दिवस असतात आणि तू हाच धरलास! म्हटलं, जाऊ दे गं, ती घरी नसेल. शिवाय आमच्याकडे ज्याचा वाढदिवस, केक त्यानेच द्यायचा, आपण कशाला न्यायचा? "असू दे," हिस्के म्हणाली. "आज मी आणते." आणि आणला, सफरचंदाचा, चांगला मोठा.

खाली गेलो. हिस्केने बेल दाबली. दार उघडलं – सहा फुटी पुरुष! पांढरे केस, अंगाला एप्रन, आतून मिरचीच्या फोडणीचा ठसका. हिस्के म्हणाली, "अभिनंदन! रीता कुठे आहे?"

त्याने केककडे पाहिलं. मग माझ्याकडे. माझं तोंड कसं झालं होतं देव जाणे. "रीता बाहेर गेलीय," तो म्हणाला. "मी तिचा भाऊ, रेजिनाल्ड. या ना आत."

मी त्याच्या पायाच पडणार होते! त्याने तीन खुर्च्या गोल मांडल्या, वाढदिवसाला आलेल्या सगळ्यांचंच अभिनंदन करायची आपली पद्धत, तसे रीतसर हात मिळवले – शेजारणीचं अभिनंदन, शेजारणीच्या मैत्रिणीचं अभिनंदन. हिस्केने त्याचा हात बराच वेळ सोडला नाही. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. मिरची फार होती.

मग विचारते, "रीता करते काय?"

"पोहते," रेजिनाल्ड म्हणाला.

"नदीत," मी म्हटलं.

"हिवाळ्यातसुद्धा," तो म्हणाला. "ऐकतच नाही कुणाचं."

दोन तास! पोट दुखेपर्यंत हसले. निघताना हिस्के जिन्यात पुढे गेली तसा तो हळूच म्हणाला, "शेजारीणबाई, सात महिने डोक्यावर तुमची पावलं ऐकतोय. म्हटलं, कधीतरी खाली उतराल."

रविवार, १३ मे

स्टेशनवर हिस्के म्हणाली, "मागचं घर भाड्याने देते आता. तुला लागणार नाही."

जिंकले!

वर म्हणते, "आणि निन्के, एकवीस माणसं एकाच पेनाने लिहू नयेत गं. त्या रेजिनाल्डला रोज हाक मार. बहीण-बिहीण नाहीये त्याला." म्हणजे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं बयेला! मी लाजले, मग दोघी हसत सुटलो, तिची गाडी चुकता चुकता राहिली. खिडकीतून हात हलवत होती, दिसेनाशी होईपर्यंत. इतकं हलकं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. आता खोटं बोलायला नको!

सोमवार, १४ मे

रेजिनाल्डला त्याचा खरा वाढदिवस विचारला. सहा नोव्हेंबर. पहिलं खरं नाव! लिहायला पेन घेऊन गेले.

मेचंच पान वर होतं. बारा तारीख, रीता पिनास. त्याच्या खाली पेन्सिलीने, हिस्केच्या बारीक अक्षरात: आणि हिस्के. साठ.

केकही तिनेच आणला होता.