स्क्रीन गोठायची तेव्हा

साल्तो, १९ ऑगस्ट

प्रिय माबेलताई,

आम्ही इथे ठीक आहोत. थंडी अजून हटत नाही. नदीवरून वारा सुटला की बोटं वळत नाहीत. मोन्तेविदेओत तुझे गुडघे काय म्हणतात? फोनवर आभार मानले असते तर "पुरे रे, यामांदू" म्हणून तू फोन ठेवून दिला असतास, म्हणून हे पत्र.

तुझं म्हणणं बरोबर निघालं. बाळांच्या विभागातला आमचा मॉनिटर मधूनच गोठायचा. शेजारी जुना मॉनिटर लावलेला होता म्हणून निभावलं, पण नर्स इर्मा मला पाहिलं की सुरू व्हायची, "या साहेब! तुमच्या यंत्राने आजही डुलकी काढली." मी कर्नेलचा ट्रेस, म्हणजे यंत्राच्या आत कुठे किती वेळ जातो त्याची नोंद, काढत होतो, आणि नेमका जिथे वेळ गडप होत होता तिथेच फंक्शनांची नावं नाहीत. नुसते पत्ते, लांबलचक आकडे.

रोसिनाला सांगितलं, "घराचा नंबर कळतोय, आत कोण राहतं ते कळत नाही."

ती म्हणाली, "मग जिला कळतं तिला विचार की! बाबांचं घर विकून दोन वर्षं झाली. अजून किती रुसून बसणार तुम्ही बहीण-भाऊ?"

म्हणून फोन केला. तुझं पहिलंच वाक्य, "हॉस्पिटलचं काम आहे म्हणून ऐकतेय, तुझ्यासाठी नाही." मग म्हणालीस, "ट्रेस वाचतोस कधी?"

"स्क्रीन पुन्हा चालू झाल्यावर."

"ती चालू कशी होते?"

"सेन्सर चालवणारा प्रोग्राम, त्याचा ड्रायव्हर, मेमरीतून आपोआप उतरतो आणि पुन्हा चढतो."

"अरे गाढवा, मग उतरताना तो आपल्या फंक्शनांची नावं घेऊनच जाणार ना! तू वाचायला येतोस तेव्हा त्या पत्त्यांवर कोणी उरलेलंच नसतं. आधी नावं टिपून घे, मग त्याला जाऊ दे."

तसंच केलं. वर्कशॉपमध्ये स्क्रीन गोठवली आणि नावं धडाधड उमटली. ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरचं उत्तर आलं नाही, की त्याचं एक फंक्शन वाट बघत बसायचं आणि बाकी सगळ्यांना खोळंबून ठेवायचं. आता ते थोडं थांबतं आणि सोडून देतं. दुरुस्ती तपासून विभागात बसवली, तेव्हापासून स्क्रीन एकदाही अडली नाही. इर्माने गरमागरम तळलेल्या तोर्ता फ्रिता खाऊ घातल्या.

त्या दिवशी फोनवर मधेच तू विचारलंस, "आवाज असा का येतोय? सर्दी?" मी हो म्हणालो.

सर्दी नव्हती, ताई. मी त्या विभागाच्या दाराबाहेर उभा होतो, आणि इंजिनिअर म्हणून नव्हे. त्या स्क्रीनवर आमच्या मुलीचा श्वास दिसत होता. दिवस भरायच्या फार आधी आली ती. रोसिनाला दिवस गेल्याचंच तुला कळवलं नव्हतं, मग हे कुठल्या तोंडाने सांगणार? शिवाय तू घाबरली असतीस. मला तर तुझं डोकं शांत हवं होतं. माझं राहिलंच नव्हतं.

काल तिला घरी आणलं. दूध नीट पिते, एकदा बोट पकडलं की सोडत नाही. रोसिना म्हणते, आत्याने पाहिल्याशिवाय कोणालाच बोलवायचं नाही. शनिवारच्या बसने ये. घ्यायला मी येतो.

तुझा भाऊ, आणि तुझ्यामुळे आता डोळा लागणारा एक बाप,
यामांदू