प्रेमलताआत्याचे कान

नागपूर,
३ फेब्रुवारी २०२५

चि. चिन्मयीस,
आत्याचे भरभरून आशीर्वाद. वि. वि.

आत्यानं चक्क पत्र लिहिलं म्हणून हसू नकोस. फोनवर बोलावं तर तुझ्या काकांना कमी ऐकू येतं, ते स्पीकर लावतात आणि माझं दुखणं खालच्या मजल्यापर्यंत जातं. हे मला त्यांना कळू द्यायचं नाही.

पेपरात तुझा फोटो आला. विश्वनाथनं, म्हणजे तुझ्या बाबानं, तो सोसायटीभर मिरवला. मीही चष्मा लावून सगळं वाचलं. शरीरात कोलॅजन नावाचा चिवट पदार्थ तयार करणारं एक जनुक असतं, जखमेचा वण गाठीसारखा वाढतो तिथे ते जोरात काम करतं आणि कॅन्सरच्या गाठीतही तेच जोरात काम करतं, असं तू म्हटल्याचं लिहिलं होतं. तेव्हापासून माझी झोप गेली. माझे कान तुला ठाऊक आहेत. बाराव्या वर्षी मावशीच्या लग्नात बुजलेली भोकं पुन्हा टोचली आणि दोन्ही पाळ्यांना बोराएवढ्या गाठी आल्या. तेव्हापासून केस कानांवरूनच घेते. पण आता छातीवर, डावीकडे, एक गाठ आली आहे. टणक आहे. दिवाळीत तिथे फोड झाला होता. कानातलं ते जनुक आता छातीत उतरलं, असंच मला वाटतं.

दवाखान्यात गेले नाही. अपूर्वच्या लेकीचं बारसं महिनाअखेरीस आहे, त्याच दिवशी सोनार येऊन तिचे कान टोचणार होता. मी नको म्हटलं आणि कारण सांगितलं नाही. सूनबाई प्रियदर्शनी तेव्हापासून गाल फुगवून आहे. तिला वाटतं, नात झाली म्हणून सासूनं हात आखडला. वाटू दे. बारसं पार पडलं की माझं बघू. तू खरं काय ते लिही, पण फोन करू नकोस.

लोभ आहे तो आहेच, फक्त माझ्या घाबरटपणाला हसू नकोस.

तुझी,
आत्या


हैदराबाद,
८ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. आत्यास,
चिन्मयीचा साष्टांग नमस्कार, आणि त्याच्या मागोमाग राग.

तुझी अट पाळली. फोन हातात घेतला, काकांचा स्पीकर आठवला, खाली ठेवला. हे पत्र स्पीड पोस्टानं धाडते आहे.

पेपरवाल्याशी मी भरपूर बोलले, त्यानं चार ओळी छापल्या. त्या चुकीच्या नाहीत, अर्ध्या आहेत. ते जनुक तुझ्यात आहे, माझ्यात आहे, बाळातही आहे. त्याच्यावाचून आपली कातडी टिकली नसती. त्याला गवंडी समज. जखम झाली की त्याला बोलावणं जातं, तो भिंत बांधतो आणि घरी जातो. तुझ्या कानात त्याला काम संपल्याचं कोणी सांगितलंच नाही, म्हणून तो बांधत बसला. कॅन्सर त्याच गवंड्याला आपल्या कामाला जुंपतो आणि स्वतःभोवती भिंती उभ्या करून घेतो. गवंडी दोन्हीकडे दिसला म्हणून दोन्ही घरं एक होत नाहीत. अशा वणाचा कॅन्सर बनत नाही, आणि तो कानातून छातीत उतरतही नाही.

पण छातीवरची गाठ काय आहे ते मला इथून सांगता येणार नाही. त्या फोडाचा वण असेल, नसेलही. मी डॉक्टर आहे ती काचेच्या बशीतल्या पेशींची. म्हणून रामदासपेठेतल्या दवाखान्यात जा, याच आठवड्यात, बारशाची वाट न बघता. कानांचंही सांग, कारण तपासायला तुकडा काढला तर त्या जखमेवर पुन्हा गाठ धरू शकते. एकटी जाऊ नकोस. आणि गेली नाहीस तर मी बाबांना सांगेन, म्हणजे सोसायटीला आपोआप कळेल.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. लहानपणी तुझ्या मांडीवर बसून मी तुझे केस बाजूला केले आणि हे काय म्हणून विचारलं. तू म्हणालीस, बोरं आहेत, पिकली की तुला देईन. मी खूप दिवस वाट पाहिली. हा विषय मी त्या बोरांमुळे घेतला, आत्या. मला फार भीती वाटते आहे, म्हणून एवढी बडबड.

माझ्यावर लावतेस तेवढाच जीव स्वतःवर लाव, याहून जास्त मागणं नाही.

तुझी,
चिन्मयी


नागपूर,
२८ फेब्रुवारी २०२५

चि. चिन्मयीस,
अनेक आशीर्वाद, आणि सगळ्यांत आधी हे वाच: कॅन्सर नाही.

आता सावकाश लिहिते. एकटी जाऊ नकोस म्हणालीस, पण न्यावं कोणाला? शेवटी प्रियदर्शनीलाच म्हटलं, माझ्याबरोबर चल आणि काही विचारू नकोस. बाळाला कोराडीला आपल्या आईकडे ठेवून ती आली, गाल फुगवूनच. डॉक्टरीणबाईंना कानांचं सांगितलं तर त्या म्हणाल्या, दाखवा. मी केस वर घेतले. चार वर्षं एका घरात राहून प्रियदर्शनीनं ते पहिल्यांदा पाहिलं. सोनाराला नको का म्हटलं, ते तिला तिथेच उमगलं. बाहेर बाकड्यावर बसल्यावर माझा हात धरून म्हणाली, "आई, तुमी मले काहून नाही सांगितलं?" मग दोघीही रडलो.

सोनोग्राफीत स्तनात काही निघालं नाही, गाठ कातडीतलीच होती. तरी खात्रीसाठी इवलासा तुकडा काढला. रिपोर्ट येईपर्यंत माझं कशात लक्ष नव्हतं. भाजी दोनदा अळणी झाली आणि तुझे काका मुकाट्यानं जेवले, तेव्हाच मी ओळखलं की यांना काहीतरी कळलंय. रिपोर्टमध्ये निघाला तो फोडाचा वण, म्हणजे तुझा गवंडीच. आता अधूनमधून गाठीत इंजेक्शन घ्यायचं आहे. दुखतं खूप, आणि गाठ पुरती जाईलच असं नाही. राहिली तर राहिली.

घरी प्रियदर्शनीनं सगळं सांगून टाकलं. हे म्हणाले, "मले वाटे, तुले केस तसेच आवडते." इतकी वर्षं मी ज्यांच्यापासून कान लपवले, त्यांनी ते लग्नाच्या पहिल्या महिन्यातच पाहिले होते म्हणे. हसावं की भांडावं कळेना, दोन्ही केलं.

काल बारसं झालं, नाव वेदिका ठेवलं. सोनाराला प्रियदर्शनीनंच नको म्हणून कळवलं. तिची आई कुरकुरली तर तिला म्हणाली, घराण्यात असं आहे तर घाई नको. मग मला समोर बसवून तिनं माझा अंबाडा घातला, कान उघडे ठेवून. बायका बघत होत्या. मी ताठ बसले होते.

सोबत फोटो पाठवते आहे. वेदिकानं माझ्या उजव्या कानाची गाठ मुठीत धरली आहे आणि सोडायला तयार नाही. दुखत होतं, पण सोडवावंसं वाटलं नाही. तुला इतकी वर्षं ताटकळत ठेवलं, तिला मात्र लगेच सांगून टाकलं की बोरं पिकली आहेत.

लोभ वाढत राहू दे. त्याला इंजेक्शन नको.

तुझी,
आत्या