टाकीतले पिवळे रोहू

१० फेब्रु., मंगळ.
"पिवळा निघाला म्हणून फेकायचा नसतो, वेगळा ठेवायचा." बाबांचं वाक्य. मी आठ वर्षांची असेन. मत्स्यबीज केंद्रावर ते बोटाएवढी पिल्लं निवडत बसायचे. हजारो काळपट रोहूंत एखादं पिवळं निघे. गिऱ्हाईक रोगट समजून घेत नसे. बाबा ते डब्यात घालून घरी आणत.
आज आठवलं, कारण सेक्रेटरी साठेकाका येऊन गेले. गच्चीचं वॉटरप्रूफिंग आहे, सिमेंटची टाकी फोडणार. बाबांचे शेवटचे अकरा पिवळे तिच्यात आहेत. थोडे दिवस मागितले.
"शुभाताई, गच्चीवर तळं ठेवायची सवलत तुमच्या बाबांना होती. ती वारसाहक्कानं येत नाही."
शनिवारपर्यंत.

१२ फेब्रु., गुरु.
दादाला फोन केला. बाबा गेल्यापासूनचा तिसराच. सासवडच्या अलीकडे त्याचं शेततळं आहे, त्यात विकायचे रोहू सोडलेत.
"आणून सोड. पण त्यांची उठाठेव मी करणार नाही, आधीच सांगतो. बाबांनी माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त बघितलं."
हसत म्हणाला. मीही हसले. मग शनिवारी येते म्हणून फोन ठेवला.

१४ फेब्रु., शनि.
कसब्यातल्या मत्स्यालयवाल्यानं पिशव्यांत ऑक्सिजन भरून दिला. स्वारगेटहून एसटी. कंडक्टरनं विचारलं, खोक्यात काय? मासे. "जिवंत? मग खिडकीची जागा द्या त्यांना."
पिशव्या अर्धा तास तळ्यावर तरंगत ठेवल्या, मग तोंडं सोडली. बाबांनी शिकवलं तस्संच. अकराही नीट गेले. वीतभर लांबीचे, गढूळ पाण्यातही लांबून दिसत होते. वहिनीनं चहा दिला. दादा मोटरपाशीच थांबला.

१९ फेब्रु., गुरु.
वहिनीचा फोन. तळ्यावर राखी बगळा येतो.
"ताई, ते लपतच नाहीत हो. आमचे काळे पळतात, आणि हे पिवळे, बगळा उभा राहिला की त्याच्याकडेच जातात."
सात गेले.
मला लगेच कळलं. टाकीच्या काठाशी कोणी उभं राहिलं की पेंडीचा गोळा मिळायचा. पाच वर्षं बाबांनी त्यांना हीच सवय लावली, नंतर मी. काठावरचा तो आपला. पाण्याची काळजी घेतली, प्रवासाची घेतली, आणि हे एवढं

२० फेब्रु., शुक्र.
ऑफिसला गेले नाही. ताप सांगितला.

२२ फेब्रु., रवि.
अजून चार आहेत. वहिनी रोज सकाळी मोजते, दादाला न सांगता.
मत्स्यालयवाल्याकडे मोठी काचेची टाकी आहे. हॉलमधला दिवाण काढला तर बसेल. पण मासे काढणार कसे? जाळं ओढलं की सगळं तळं ढवळतं. पाणी उतरलंय, विक्रीचे दगावले तर दादाचं वर्ष गेलं. तो नाहीच म्हणणार, आणि त्याचं चुकणारही नाही.
बाबांच्या शेवटच्या दोन महिन्यांत तो तीनदाच आला. तेव्हा मी बोलले होते. नको ते बोलले होते.

२४ फेब्रु., मंगळ.
फोन करायचं धाडस झालं नाही. मेसेज तीनदा खोडला, चौथा पाठवला. इथे उतरवून ठेवते.
"दादा, एकदा जाळं टाकशील? चारांतले निघतील तेवढे घेऊन जाईन. नाही म्हणशील, माहीत आहे. एक बाजू मी ओढते, पाण्यात उतरून. तू फक्त दुसरं टोक धर."