झुंजारपंख काय बोलला

शिक्रापूर, ३ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप हौशीराममामांस,
मोनालीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर ऐकू येत नसलं तरी तुम्ही नुसतं व्हय व्हय करता, म्हणून पत्रच बरं.

आपल्या झुंजारपंखाचा सिनेमा आलाय! मे महिन्याच्या सुट्टीत दौंड स्टेशनच्या स्टॉलवरून तुम्ही ज्याची कॉमिक्स आणायचात, तोच. काल शिरूरला जाऊन पाहिला. मामा, पार वाट लावलीय. पुस्तकात शहर वाचवून तो घरी येतो, एकटाच जेवतो, ताट धुतो. अख्ख्या पानावर एक शब्द नाही. सिनेमात ते पानच गायब. त्याजागी दहा मित्रांची पंगत आणि नाच. रूममधली करिश्मा लग्न होऊन गेली, त्यामुळे आता भांडायला तुम्हीच.

औषधं वेळेवर घ्या आणि उत्तराचा आळस करू नका.

तुमची भाची,
मोनाली

दौंड, ११ ऑगस्ट २०२५

चि. मोनालीस,
मामाचे अ. उ. आ.

पत्र मिळालं तसा सिनेमा बघून आलो. तुझं म्हणणं मला पटत न्हाई. तुझी मामी गेल्यापासून एकट्याचं ताट मी रोजच धुतो. त्यात चित्र काढण्यासारखं काय हाय? दहाजण जेवायला बसले, ते मला ब्येस वाटलं.

पण खरं सांगू? ऐकू काहीच आलं न्हाई. पुस्तकात बोलणं फुग्यात लिहिलेलं असतं, तिथं कान लागत न्हाईत. आन् पान मुकं असलं, तर समद्यांनाच मुकं. थिएटरात लोक हसायचे आन् मी त्यांची तोंडं बघत बसायचो. पुलावर तो त्या म्हातारीला येवढं काय बोलला गं? सवडीनं कळव.

तुझा,
मामा

शिक्रापूर, २४ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप मामांस,
शि. सा. न. वि. वि.

सुट्टीच्या दिवशी पुन्हा शिरूरला गेले. मोबाइलच्या उजेडात सगळे डायलॉग उतरवून घेतले. मागचा माणूस वैतागला, वैतागू दे. कागद सोबत पाठवतेय. लोक जिथं हसले, तिथं तसं लिहिलंय. म्हातारीला तो म्हणाला, की आजी, पूल पडेल, पण तुमची पिशवी सोडणार नाही. पुस्तकात असला पांचटपणा नव्हता!

कानाचं मशीन घ्या म्हणून किती वेळा सांगायचं? इकडं सगळं ठीक. कंपनी, रूम, कंपनी.

माझ्यावर रागावू नका, एवढंच मागणं.

तुमची,
मोनाली

दौंड, २ सप्टेंबर २०२५

चि. मोनालीस,
अ. उ. आ.

तुझे कागद घरी वाचून मग सिनेमाला गेलो. तू लिहिलेल्या जागी मी बी हसलो. एकदा तर लोकांच्या आधीच हसलो! शेजारचा माणूस माझ्याकडं बघून हसला. कुणासंगं हसून लय दिवस झाले होते.

घरी येऊन कागद परत वाचले. जागोजागी ‘इथं लोक हसले’ लिहिलंयस. ‘मी हसले’ असं एकदाबी न्हाई. मी पुन्हा पुन्हा बघितलं, पोरी.

रविवारी सकाळच्या एसटीनं येतोय. मशीनवरून बोलणी समोर बसून खाईन. मग शिरूरला जाऊ, दोघं. तू काही लिहायचं न्हाई. मला आता समदं पाठ हाय. हसायची जागा आली, की मीच तुला कोपरानं ढोसतो.

बाकी भेटीअंती.

तुझा,
मामा