दरवाजा समोरच आहे

बाबा, गडाचा दरवाजा समोरच आहे. पायवाट वर पोचते तिथे तोंडावर, उघडावाघडा. गुडघ्यांना तेल चोळत चढले, पण माझ्या डोळ्यांनी बघून आले. चौथीपर्यंत शिकवलंत तेवढ्या अक्षरांत लिहितेय. वेलांटी चुकली तर ती तुमच्या नावावर.

तुम्हाला आठवत नसेल. लाथ मारणारा विसरतो. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. लालबागच्या आपल्या चाळीतली मोठी पोरं आज सभा, उद्या मोर्चा, घरात टिकत नव्हती, म्हणून त्या दिवाळीला चाळीचा किल्ला आम्हा मुलींच्या वाट्याला आला. नाहीतर आम्हाला कोण विचारतंय? आम्ही माती चाळायची नि पोरांनी बुरूज बांधायचे, अशीच रीत. मी म्हटलं, आमच्या गावावरचा गड करू. जेवताना तुम्ही सांगायचात ना, तटावरून दिसणारी खाडी, खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं, सदर. ते सगळं मला पाठ होतं. विटा रचल्या, तुम्ही गिरणीतून आणलेलं फाटकं गोणपाट चिखलात बुडवून त्यावर पसरलं, हळीव पेरले. हळीव उगवले तेव्हा डोंगर खराच हिरवा दिसायला लागला. पायवाट काढली आणि ती संपते तिथे दरवाजा ठेवला. माणसं वाटेने येणार, तर दार वाटेवरच असेल, एवढी साधी अक्कल.

तुम्ही शिवाजी पार्कच्या सभेहून येताय. घसा बसलेला, अंगात भाषण चढलेलं. अख्खी चाळ कठड्याला टेकून किल्ला बघतेय. तुम्ही वाकता नि म्हणता, "अगो चेडवा, दरवाजो असो समोर असता काय? शत्रूक काय जेवणाक बोलवतंस?" सगळे खदखदून हसतात. मी विचारते, "मग कुठे असतो, बाबा?" "बुरजाच्या आड लपवलेलो असता. माका शिकवतंस?" आणि तुम्ही पायाने दरवाजा पाडता. त्याच्याबरोबर अर्धा बुरूज जातो, हळीव जातात. शेजारच्या काकी मला जवळ घेऊन म्हणाल्या, "रडू नको गं, बाबांनी खरा गड बघितलाय." ते मला लाथेपेक्षा जास्त लागलं, कारण ते मला खरं वाटलं. पुढच्या दिवाळीला पोरं परत आली नि मी परत चाळणीवर.

यंदा नातीला घेऊन गावी गेले. तुमची चुलत बहीण, माझी आते, अजून आहे. तोंडात दात नाही, पण जीभ शाबूत. मी म्हटलं, बाबा सांगायचे ती गडाची वाट कुठून जाते? तर हसायलाच लागली. "तुझ्या बापाशीन गड खालसूनच बघल्यान! वर खंय गेलो तो? ढोरां राखी, नि मगे गेलो मुंबैक." मी गड चढले तो त्या रागावर चढले. वर एक पाटी आहे, नातीने हौसेने मोठ्याने वाचून दाखवली. शिलाहारांनी बांधला, मग आदिलशाहीत गेला, मराठ्यांनी घेतला, शेवटी इंग्रजांनी तोफा डागून तट पाडले. सदरेचं जोतं तेवढं उरलंय, त्यावर करवंदीची जाळी. टाक्यात शेवाळ. आणि दरवाजा. कमान अर्धी ढासळलेली, पण समोर. आपलं गाव डोंगराच्या पाठीला आहे, बाबा. तिथून दरवाजा दिसतच नाही. तुम्हाला दिसला नाही म्हणून तुम्ही तो बुरजाआड लपवलात, नि माझा पाडलात.

"माहीत नाही" म्हणायला काय जीभ झडली असती? भुकेपायी गाव सोडलं, गड चढायला सवड कुठली होती, असं सांगितलं असतंत तर मी हसले असते का? मुकादमाच्या शिव्या मुकाट ऐकणारा माणूस संध्याकाळी चाळीत गडकरी व्हायचा, हे आता मला कळतं. कळलं म्हणून राग उतरतो, असं कोणी सांगितलं? तुमच्याकडे रोज संध्याकाळी गड होता. माझ्या वाट्याला जन्मात एक किल्ला आला होता.

हे पाठवायचं कुठे? हळिवाच्या डब्याखाली ठेवते. एवढं मात्र सांगते. या दिवाळीला नातीने बिल्डिंगखाली किल्ला केला. मी खुर्ची टाकून बसले होते. तिने पायवाट काढली, वर दरवाजा ठेवला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, दरवाजा असा समोर असतो का?" पोर चिखलाचे हात तसेच धरून माझ्याकडे वळली. "आजी, आपणच तर बघून आलो ना!"

मी म्हटलं, "चष्मा नव्हता गं तेव्हा."

चष्मा होता, बाबा. नाकावरच होता.