‘सां व्यांद’ म्हणा

शनि., १० मे
स्ट्रासबुर्गहून आत्ताच परतलो. जर्मनीच्या टोकाला केलला उतरून ट्रामने पुलावरून थेट फ्रान्स. आईला पटेना. “देश बदलला? कुणी अडवलं बी न्हाई.” येताना अडवलं. पासपोर्ट ब्लाउजच्या आतल्या पिशवीत; ती काढेपर्यंत पोलीस बिचारा खिडकीबाहेर बघत उभा.
कॅथेड्रलमधलं घड्याळ तिला आवडलं. बाराचे पुतळे साडेबाराला फिरतात, कोंबडा आरवतो. “आपला कोंबडा येळेवर तरी वरडतो.”
जेवायला कांद्याचा टार्ट. ‘सां व्यांद’, म्हणजे मांस नको, हे पाठ करून गेले होते. वाढणारा “वी, वी” म्हणाला. आईने दोन तुकडे खाल्ले. काय आहे ते सांगायला लागले तर म्हणाली, “तू वाचलंयस न्हवं? मग मला कशाला सांगती.”

रवि., ११ मे
इथल्या मराठी मंडळाच्या बायका २४ तारखेला स्ट्रा.ला जाणार. मंडळ चालवणाऱ्या ऋचाताईंनी ग्रुपसाठी टिपा मागितल्या, लिहून दिल्या. मूळ पासपोर्ट घ्या, फोटो चालत नाही. ट्रामचं तिकीट चढण्याआधी छापून घ्या. घड्याळासाठी बाराच्या आत रांगेत. रविवारी सकाळी जाऊ नका, प्रार्थना असते. दगडी रस्ते, चपला नकोत. शाकाहारी असाल तर ‘सां व्यांद’ म्हणा, काळजी नाही.
चौदा जणींनी हात जोडले. बरं वाटलं. जरा जास्तच.

मंगळ., १३ मे
ऑफिसात जेवताना मारीआनला सगळं सांगत होते. ती स्ट्रा.जवळच्याच गावची. टार्टचं ऐकून थांबली. “सां व्यांद? पण लार्दों होतेच ना त्यात?” लार्दों म्हणजे डुकराच्या चरबीचे बारीक तुकडे. त्यांच्याकडे ते व्यांदमध्ये मोजत नाहीत. व्यांद म्हणजे मांसाचा मोठा तुकडा. लार्दों नुसते चवीला.
टार्टचा फोटो मोठा करून पाहिला. मला करपलेला कांदा वाटला होता ते...

बुध., १४ मे
मी बारावीला बसले त्या वर्षी आईने मटण सोडलं. पोरगी पास होऊ दे म्हणून. आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिलीच, तिला दुसरं काय करता येणार होतं. मी पास झाले, इंजिनिअर झाले, तरी तिने पुन्हा धरलं नाही. “देवानं दिलं, आता मागं कशाला फिरायचं.” अकरा वर्षं. मामाच्या लग्नात सगळी पंगत रस्सा ओरपत होती, ही दह्याशी भाकरी.
आणि मी तिला डुक्कर खायला घातलं. शिकलेल्या लेकीने.
आज सांगायचं ठरवलं होतं. ती माझ्या मोज्यांना टाके घालत बसली होती. आल्झो, इथले लोक म्हणतात तसं ‘तर मग’, नाही सांगितलं.

गुरु., १५ मे
टिपा दुरुस्त करणं भागच होतं. ग्रुपवर लिहिलं: ‘सां व्यांद’ पुरेसं नाही, ‘सां लार्दों, सां जाँबों’ (जाँबों म्हणजेही डुकराचं मांस) असं वेगळं सांगा, एका ओळखीच्या बाईंची फसगत झाली.
एक ओळखीची बाई.
आईला वाचता येत नाही, म्हणून हे बिनधास्त लिहिता आलं. लिहिताना ती शेजारीच होती. “मोबाइलवर काय एवढं?” “काही नाही, मंडळाचं.”

रवि., १८ मे
ऋचाताई चहाला आल्या. विषय निघणार, मला वाटलंच होतं. पोहे खाता खाता आईला म्हणाल्या, “काकू, तुम्ही त्या मानाने सुटलात हो. हिच्या ओळखीच्या एका बाईंना तिथे चक्क डुक्कर वाढलं. बिचाऱ्यांना माहीतच नाही.”
आई बशी हातात धरून बसली. “कुठली बाई?”
ऋ.ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ऑफिसातल्या एकीची आई.
“मंजी पोरगी संगट होती?”
“होती.”
“मग तिला सांगितलं का न्हाई पोरीनं?”
ऋ.ताई म्हणाल्या, “कशाला सांगायचं, काकू? नकळत झालं, पाप नाही लागत.”
“पाप ऱ्हाऊ द्या. त्या बाईला वाटतंय तिनं पाळलंय.”
मी चहा गरम करायला उठले. गरमच होता.

मंगळ., २० मे
शुक्रवारी तिचं परतीचं विमान. तीन दिवस.
ऑफिसातून येताना ठरवलं, घरात नको, बाहेर सांगू. तिला घेऊन दुकानात गेले. ब्रेड टोपलीत टाकला. तिने तो उचलून माझ्या हातात दिला.
“काय लिवलंय त्यावर?”
महिना झाला येऊन, असं कधी विचारलं नव्हतं. वाचलं. गव्हाचं पीठ, पाणी, यीस्ट, मीठ.
“अजून?”
“एवढंच आहे, आई.”
तिने पाकीट घेतलं, त्या बारीक अक्षरांवरून अंगठा फिरवला, आणि माझ्याकडे बघत राहिली. मागे लोक खोळंबले होते. मी म्हटलं, आई, परवाचं ते, त्या बाईचं... ती पोरगी मीच.